मंकचे मौन आणि कॅमेरा

कलावंताला ‘कलंदर’ म्हटले की समीक्षकाचे निम्मे काम आटोपते. त्याची चालरीत, त्याचे कपडे, बोलण्यातला तुटकपणा, मित्रांनी सांगितलेले चार किस्से एवढ्या भांडवलावर एक देखणे व्यक्तिचित्र उभे राहते आणि कलाकृतीकडे जाणारी वाट बहुधा तिथेच संपते. साहित्याच्या वर्गात आम्हीही ही सोय अनेकदा वापरली आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. एखाद्या कवीच्या विक्षिप्तपणाचा किस्सा सांगितला की वर्ग जागा होतो. त्याच्या छंदोरचनेकडे वळलो की पुन्हा पेंगू लागतो. शिकवणाऱ्यालाही मग किस्स्यांची चटक लागते.

या सवयीविषयी आमच्या मनात पहिल्यांदा गंभीर शंका आली ती एक माहितीपट पाहताना. अमेरिकन जॅझ पियानोवादक आणि रचनाकार थेलोनियस मंक (१९१७-१९८२) याच्यावर शार्लट झ्वेरिन यांनी १९८८ साली केलेला हा माहितीपट. नाव ‘स्ट्रेट, नो चेसर’. हे मूळ मंकच्याच एका रचनेचे नाव. मद्यालयातल्या बोलीत त्याचा अर्थ, दारू निव्वळ द्या, वरून घोटभर पाणी किंवा सोडा नको. पडद्यावर मंकची चौकडी वाजवते आहे. चार्ली राउझचा सॅक्सोफोन सुरू होतो आणि मंक पियानोवरून उठतो. डोक्यावर टोपी, अंगात कोट, हात किंचित उचललेले. तो स्वतःभोवती संथपणे गिरक्या घेऊ लागतो. एखाद्या अस्वलाने तंद्रीत नाचावे तसा. मग जणू कुणीतरी हाक मारल्यासारखा पुन्हा पियानोकडे जातो आणि उभ्याउभ्याच एक स्वरपुंज असा अचूक जागी ठेवतो, की तो इतका वेळ नाचत होता की मोजत होता, असा प्रश्न पडावा.

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो. वेगवेगळ्या काळांत मंककडे रोखल्या गेलेल्या कॅमेऱ्यांनी त्याला निरनिराळी उत्तरे दिली आहेत. मंकच्या चित्रित प्रतिमेचा इतिहास हा एका अर्थाने त्याच्या मौनाच्या वाचनाचा इतिहास आहे. तो थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम काही चरित्र. मंकचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट या गावी झाला. १९२२ साली आई मुलांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनच्या पश्चिमेकडील सॅन वान हिल या कृष्णवर्णीयांच्या दाट वस्तीत हे कुटुंब राहू लागले. मंकच्या आयुष्याचा फार मोठा भाग याच परिसरात गेला. किशोरवयात एका फिरत्या धर्मप्रचारिकेच्या ताफ्यात तो पियानो वाजवत हिंडला. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीस हार्लेममधल्या ‘मिन्टन्स प्लेहाउस’ या क्लबचा तो ठरलेला पियानोवादक होता. ज्या रात्रजागरणांतून ‘बीबॉप’ नावाची नवी जॅझ शैली घडली, त्यांतल्या काही इथल्याच. मात्र बीबॉपची प्रसिद्धी प्रामुख्याने डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांच्या वाट्याला आली. बीबॉपचा प्राण वेगात होता. मंकचा पियानो मात्र थांबत, अडखळल्यासारखे करत, मोकळ्या जागा सोडत चालणारा.

त्याचे वादन पहिल्यांदा ऐकताना चूक ऐकल्याचा भास होतो. बोटे वाकवून वाजवावे ही पियानोची रूढ तालीम; मंकची बोटे सपाट पडतात. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या तो एकदम दाबतो आणि त्या दोहोंच्या मधला, पियानोवर नसलेलाच स्वर सूचित झाल्यासारखा वाटतो. पेटीचे ठरावीक सूर आणि श्रुती यांविषयी आपल्याकडे झालेला वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या धडपडीचा अर्थ सांगायला नको. आणि मग त्या रिकाम्या जागा. अपेक्षित ठिकाणी स्वर येत नाही; तो येतो तेव्हा आपली अपेक्षाच चुकली होती असे वाटू लागते. आपल्या संगीतात सम हुलकावणी देऊन गाठली की श्रोता दाद देतो. मंक ऐकताना तशीच दाद ओठांवर येते, फक्त अर्धा क्षण उशिरा.

या संगीतातले मौन हे एक मौन. दुसरे मौन त्याच्या जगण्यातले, आणि त्याची किंमत त्याला रोख मोजावी लागली. ऑगस्ट १९५१ मध्ये मंक आणि त्याचा धाकटा मित्र, पियानोवादक बड पॉवेल, यांना पोलिसांनी अमली पदार्थाच्या प्रकरणात पकडले. पदार्थ मंकचा नव्हता. पण तो कुणाचा हे सांगायला त्याने नकार दिला. साठ दिवसांचा तुरुंगवास झाला, आणि त्याहून मोठी शिक्षा म्हणजे त्याचे ‘कॅबरे कार्ड’ गेले. न्यूयॉर्कमध्ये मद्य मिळते अशा ठिकाणी काम करायचे तर कलावंताला पोलिसांकडून हा परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९४० साली सुरू झाली आणि १९६७ पर्यंत चालली. बिली हॉलिडेसारख्या गायिकेलाही तिचा फटका बसला होता. मंकला जवळजवळ सहा वर्षे स्वतःच्याच शहरातल्या क्लबांत वाजवता आले नाही. तो घरी रचना करत राहिला, अधूनमधून ध्वनिमुद्रणे करत राहिला. संसाराचा गाडा त्याची पत्नी नेली हिने मिळेल ते काम करून ओढला. मंकच्या स्वातंत्र्याची कहाणी सांगताना या नोकऱ्यांचा उल्लेख सहसा ओझरताच येतो. आम्हाला तो कहाणीच्या मध्यभागी असावा असे वाटते.

१९५७ च्या उन्हाळ्यात परवाना परत मिळाला. हॅरी कोलंबी या शाळामास्तराने मंकचे व्यवस्थापन हाती घेतले होते. त्याची खटपट यामागे होती. त्यानंतर ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबात जॉन कोल्ट्रेनसह मंकची जी मैफल सुरू झाली ती महिनोन्‌महिने चालली, आणि काल-परवापर्यंत विस्मृतीत गेलेला हा माणूस चाळिशीत ‘नवा’ ठरला.

याच सुमारास कॅमेरा आला. ८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीने ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित केला. त्यात मंक ‘ब्लू मंक’ ही आपली रचना वाजवतो. टोपी आणि काळा चष्मा आहेच. पण या दृश्यात आम्हाला अधिक मोलाचे वाटते ते पियानोच्या दुसऱ्या टोकाशी बसलेल्या माणसाचे दर्शन. तो आहे काउंट बेसी, स्वतः थोर पियानोवादक आणि विख्यात वाद्यवृंदप्रमुख. बेसी मंकच्या हातांकडे पाहतो, हसतो, मान डोलावतो. मंकच्या संगीताला विक्षिप्त ठरवणाऱ्यांना या एका चेहऱ्यात उत्तर आहे. ज्याला या कलेचे व्याकरण ठाऊक आहे, तो इथे व्याकरणच ऐकतो आहे. कॅमेऱ्याने येथे शहाणपणा केला तो एवढाच, की वाजवणाऱ्याबरोबर ऐकणाराही दाखवला.

पुढच्या उन्हाळ्यात, जुलै १९५८ मध्ये, छायाचित्रकार बर्ट स्टर्न याने न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाचे रंगीत चित्रण केले. त्यातून झालेला ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ हा चित्रपट देखणेपणासाठी आजही नावाजला जातो, आणि तो देखणा आहेच. यातही मंक ‘ब्लू मंक’च वाजवतो. पण कॅमेरा त्याच्यापाशी फार वेळ थांबत नाही. तो समुद्रावर जातो. निळ्या पाण्यावर शर्यतीच्या पांढऱ्या शिडांच्या नौका दिसू लागतात आणि मंकचे संगीत त्या दृश्याचे पार्श्वसंगीत होऊन जाते. यात द्वेष नाही, दुष्टावाही नाही. फक्त एक समजूत आहे, की या माणसाच्या बोटांपेक्षा शिडे पाहणे प्रेक्षकांना अधिक आवडेल. ज्या संगीताचा अर्धा अर्थ त्याच्या थांबण्यात आहे, त्याच्या थांब्यांत दुसरे काहीतरी भरून टाकण्याचा हा प्रकार. कवितेच्या दोन कडव्यांमधल्या कोऱ्या जागेत संपादकाने फुलांची चित्रे छापावीत, तसा.

त्या उन्हाळ्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९५८ मध्ये, मंक आणि राउझ बाल्टिमोरच्या कार्यक्रमासाठी निघाले होते. गाडी चालवत होती मंकची मैत्रीण आणि आश्रयदाती पॅनोनिका द क्युनिग्सवार्टर, रॉथ्सचाइल्ड घराण्यात जन्मलेली बॅरोनेस. डेलावेअर राज्यात वाटेत एका मोटेलपाशी मंक पाणी पिण्यासाठी उतरला. तिथे झालेल्या कुरबुरीतून पोलीस आले. प्रश्नांना मंकने उत्तरे दिली नाहीत. त्याला मारहाण झाली. दंडुक्याचे तडाखे हातांवर बसले, पियानोवादकाच्या हातांवर! गाडीत थोडा गांजा सापडला. त्याची जबाबदारी पॅनोनिकाने स्वतःवर घेतली. मंकचा परवाना मात्र पुन्हा गेला. त्याचे मौन पोलिसांनी उद्धटपणा म्हणून वाचले. मासिकांनी ते गूढता म्हणून वाचले होते, आणि ध्वनिमुद्रण कंपनीने तर १९४७ पासूनच त्याची जाहिरात बीबॉपचा ‘महंत’ अशी चालवली होती. या तिन्ही वाचनांत मंकला स्वतःला विचारलेले काहीच नव्हते.

नंतरच्या काळात मान मिळाला. १९६२ मध्ये कोलंबिया या मोठ्या कंपनीशी करार झाला. २८ फेब्रुवारी १९६४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र आले. आणि १९६७-६८ मध्ये ख्रिश्चन व मायकेल ब्लॅकवुड हे बंधू पश्चिम जर्मन दूरचित्रवाणीसाठी त्याच्यामागे कॅमेरा घेऊन हिंडले. क्लबात, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, विमानतळावर, युरोपच्या दौऱ्यात. सुमारे चौदा तासांचे हे चित्रण पुढे जवळजवळ दोन दशके पडून होते. त्यातूनच ‘स्ट्रेट, नो चेसर’ घडला. त्याच्या निर्मितीमागे अभिनेता-दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड याचे पाठबळ होते. झ्वेरिन मुळात संकलक. मेझल्स बंधूंच्या ‘सेल्समन’ आणि ‘गिमी शेल्टर’ या माहितीपटांवर तिने काम केले होते. निवेदनाने सगळे समजावून सांगण्याऐवजी समोरचे पाहत राहायचे, ही त्या घराण्याची रीत.

या रीतीमुळे काय साधले? पहिले म्हणजे मंकचे काम दिसले. दौऱ्यासाठी वाद्यमेळ मोठा केला आहे. फिल वुड्स, जॉनी ग्रिफिन यांच्यासारखे कसलेले वादक तालमीत स्वरलेखनावरून शंका विचारत आहेत आणि मंक मोजक्या शब्दांत, कधी पियानोवरच, उत्तरे देतो आहे. ज्याला लहरी म्हणावे तो इथे गुरुजी दिसतो. १९५६ साली ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ या रचनेचे ध्वनिमुद्रण करताना सनी रोलिन्स, मॅक्स रोच यांच्यासारख्या दिग्गजांना पंचवीस प्रयत्नांतही ती सलग, निर्दोष वाजवता आली नव्हती. शेवटी तुकडे जोडावे लागले. १९५७ मध्ये नेली आजारी असताना त्याने तिच्यासाठी केलेली ‘क्रेपस्क्यूल विथ नेली’ ही रचना तर तो कुणालाही तिच्यात उपज न करू देता, जशी लिहिली तशीच वाजवत असे. उत्स्फूर्ततेसाठी ओळखल्या जाणाऱ्या कलेत एका ‘मुक्त’ माणसाने आखलेली ही लक्ष्मणरेषा! मंकच्या स्वातंत्र्याचे स्वरूप या दोन उदाहरणांतून आम्हाला अधिक नीट कळते. आपल्या रचनेचे नियम तो स्वतः ठरवत होता आणि एकदा ठरवले की त्यांत तसूभर सूट देत नव्हता, स्वतःलाही नाही.

दुसरे म्हणजे नेली दिसली. सामान बांधणारी, त्याचे कपडे नीट करणारी, हॉटेलच्या खोलीत अंथरुणात पडून जेवण मागवणाऱ्या नवऱ्याच्या अवतीभवती वावरणारी. कॅमेरा यावर भाष्य करत नाही. पण पाहणाऱ्याला ही श्रमविभागणी टाळता येत नाही.

तिसरे सर्वांत अवघड. मंक आजारीही होता. विमानतळावर तो गिरक्या घेतो तेव्हा तिथे संगीत नसते. मंचावरची गिरकी आणि ही गिरकी एकच का? त्याचा मुलगा, ढोलवादक टी. एस. मंक, सांगतो की वडिलांच्या डोळ्यांत पाहावे आणि त्यांना आपली ओळख पटत नाहीये हे लक्षात यावे, असे प्रसंग बालपणी घडले. हे ऐकल्यावर ‘कलंदर’ हा शब्द घशात अडकतो. ज्याला आपण मुक्तपणाची खूण म्हणून टाळ्या दिल्या, त्यातला काही भाग व्याधीचा होता आणि ती व्याधी घरातल्या माणसांनी सोसली. पण म्हणून संगीताला व्याधीचे लक्षण ठरवणे हाही तितकाच आळशी मार्ग. झ्वेरिन दोन्ही टाळते. ती व्याधीची माहिती देते आणि मग एखादी रचना बराच वेळ ऐकू देते. मध्येच बॅरी हॅरिस आणि टॉमी फ्लॅनगन हे दोन पियानोवादक समोरासमोर बसून मंकच्या रचना वाजवतात. व्याधी वारशाने देता येत नाही. रचना देता येते, आणि ती अशी दुसऱ्यांच्या हातांत नांदते.

मंकने १९७६ नंतर जाहीर वादन केले नाही. अखेरची वर्षे तो न्यूजर्सीत वीहॉकन येथे पॅनोनिकाच्या घरी राहिला. घरात पियानो होता, पण तो त्याला क्वचितच हात लावी. १७ फेब्रुवारी १९८२ रोजी तो गेला. माहितीपटात त्याच्या अंत्यविधीची दृश्ये आहेत. माहितीपट आला त्याच वर्षी, ३० नोव्हेंबर १९८८ या एकाच दिवशी, पॅनोनिका आणि राउझ दोघांचेही निधन झाले. १९५८ च्या त्या रस्त्यावर त्याच्या सोबत असलेली दोन्ही माणसे गेली.

हा इतिहास इथे थांबला असता, तर ‘कॅमेरा हळूहळू सुधारत गेला’ असा सोयीस्कर निष्कर्ष काढता आला असता. पण २०२२ साली आलँ गोमीस या फ्रेंच-सेनेगाली दिग्दर्शकाने ‘रिवाइंड अँड प्ले’ हा चित्रपट आणला आणि १९६९ सालचे दफ्तर पुन्हा उघडले. त्या डिसेंबरात मंक पॅरिसमध्ये वाजवायला आला असताना फ्रेंच दूरचित्रवाणीने त्याची मुलाखत चित्रित केली होती. गोमीसने त्या कार्यक्रमाचे न वापरलेले, कापून बाजूला ठेवलेले तुकडे जोडले. मुलाखतकार आँरी रनो स्वतः पियानोवादक, मंकचा जुना परिचित आणि चाहता. तो विचारतो, तुमच्या घरी पियानो स्वयंपाकघरात का होता? प्रश्नाला चमत्कारिक उत्तर हवे आहे. मंक सांगतो की घरातली सर्वांत मोठी जागा तीच होती. उत्तर साधे, गरिबाच्या घराचे. मग तोच प्रश्न पुन्हा, तेच उत्तर पुन्हा. दिव्यांच्या उष्णतेने मंकच्या चेहऱ्यावर घाम निथळतो आहे.

पुढे १९५४ च्या पॅरिसभेटीचा विषय निघतो. इतका वेळ मौनी म्हणून दाखवला जाणारा मंक आता बोलतो: आपल्या नावाचा गाजावाजा झाला, पण मोबदला मात्र त्या मानाने मिळाला नाही. हे काही बरे नाही, वगळून टाकू, असे रनो ठरवतो. प्रश्न पुन्हा विचारला जातो. मंक गोंधळतो; आपण बोललो त्यात वावगे काय, हे त्याला कळत नाही. शेवटी तो पियानोकडे वळतो.

हे दृश्य पाहिल्यावर मागच्या सर्व मौनाकडे आम्हाला नव्याने पाहावे लागले. १९५१ मध्ये तो गप्प राहिला कारण मित्राचे नाव सांगायचे नव्हते. १९५८ मध्ये गप्प राहिला आणि हातांवर मार खाल्ला. १९६९ मध्ये बोलला, तर बोलणे कापले गेले. आणि जगाने नोंद केली, की मंक अबोल होता! अबोलपणा त्याच्या स्वभावात असेलही. पण त्याच्याविषयी जे चित्र तयार झाले, त्यातले काही मौन संकलनाच्या टेबलावर तयार झालेले आहे. तरीही हेच टाकाऊ तुकडे त्याचे एकट्याचे वादन विलक्षण जवळून जपून होते, हीसुद्धा इतिहासाची गंमतच. वगळण्यासाठी केलेल्या ढिगाऱ्यातच सर्वांत खरा पुरावा सापडावा, हे दप्तरखान्यांत काम करणाऱ्या संशोधकांना नवीन नाही.

मंकच्या नावावर सुमारे सत्तर रचना आहेत. २००६ साली त्याला मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान मिळाला. २०१७ मध्ये झ्वेरिनचा माहितीपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाला. मान्यता आली, पण ‘लहरी प्रतिभावंत’ हे लेबल अजून पुरते निघालेले नाही. ते विकायला सोपे आहे आणि शिकवायलाही.

या सत्रात आम्ही वर्गात एक प्रयोग करून पाहिला. मंकविषयी एक अक्षरही न सांगता १९५७ चे ते ‘ब्लू मंक’ दाखवले आणि विद्यार्थ्यांना बेसीच्या चेहऱ्याकडे पाहायला सांगितले. एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तो समोरचा माणूस नेमका कशाला हसतो आहे?” उत्तर देण्याऐवजी आम्ही चित्रफीत पुन्हा लावली. तिसऱ्या खेपेला, मंकने एक जागा रिकामी सोडली तेव्हा, बेसीच्या आधी ती हसली.